यंत्राला न दिसलेला अंगठा

रेशन दुकानदार कुंडलिक माणसं तोंडावरून ओळखत नसे, अंगठ्यावरून ओळखी. वेल्ह्याच्या वाटेवरच्या त्या गावात एकशे बावन्न कार्डं. त्यातल्या कुणाचा अंगठा यंत्रावर पहिल्या दमात लागतो आणि कुणाचा चौथ्या, हे त्याला तोंडपाठ. सोनबाचा तंबाखूनं पिवळा, पण लागायचा झटक्यात. फुलाबाईचा कायम पिठाचा. माजी सरपंचांचा अंगठा त्यानं एकदाच पाहिला होता, एरवी ते सुनेला धाडत आणि दारावरून जाताना मात्र "तांदूळ बरा आला का रे?" असं विचारत.

अंगठा लवकर लागावा म्हणून कुंडलिकनंच गावाला एक युक्ती शिकवली होती. आधी जिभेला लावायचा, मग काचेवर दाबायचा. दर माणसामागं तो त्या पेरभर काचेवरून ओलं फडकं फिरवी. त्या फडक्याचा त्याला भारी अभिमान. तेच फडकं काट्याचं पारडं पुसायला, तेच मानेवरचा घाम टिपायला.

एवढं करूनही एक अंगठा काही केल्या लागत नव्हता. साळूबाईचा. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी, कार्डावर तिचं एकटीचं नाव. महिनाअखेरपर्यंत ज्याचा अंगठा नोंदला जाणार नाही, त्याचं नाव उडणार, असा निरोप वरून आला होता. सगळं गाव झालं, साळूबाई तेवढी राहिली.

"आक्का, आठवी खेप ही," कुंडलिक म्हणाला. "यंत्र म्हनतंय, ह्या बाईला आंगठाच न्हाई."

"मग यंदाचं भात कापलं कुनी? यंत्रानं?"

रांग हसली. कुंडलिकही हसला, पण आतून त्याला बरं वाटलं नाही. "झिजलाय तुमचा. म्या तरी काय करू?" असं म्हणून त्यानं फडकं फिरवलं.

त्याच दिवशी त्याची पुतणी शिवानी सुट्टीवर आली होती. भोरच्या कॉलेजात ती जंतूंचा अभ्यास करी. सरांनी सांगितलं होतं, खूप हात लागतात अशा जागांचे नमुने आणा. तिनं एसटीच्या दांड्यावरून कापसाची काडी फिरवली, देवळातल्या घंटेवरून फिरवली, मग ती दुकानात आली.

"तात्या, तुमच्या यंत्राचा घेऊ?"

"घे की! सगळ्यात साफ हितंच निघंल. दर मानसामागं पुसतो."

शिवानीनं फडक्याकडं एकदा बघितलं आणि काचेवरून काडी फिरवली. जाता जाता तिनं साळूबाईपुढं एक चपटी काचेची डबी धरली. तळाशी खळीसारखं काहीतरी थिजलेलं, जंतूंना वाढायला. "आज्जी, यात अंगठा ठेवा बरं, हळूच."

"हितं तरी लागतोय का बघ बाई," म्हणत साळूबाईनं ठेवला.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी शिवानी डब्या घेऊन परतली. झाकणांवर चिकटपट्टी, उघडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मोकळ्या पोत्यावर तिनं त्या मांडल्या, तशी रांग मोडून सगळे भोवती गोळा झाले.

एसटीच्या दांड्याच्या डबीत जंतूंचे पांढरे-पिवळे ठिपके, ज्वारी सांडावी तसे. घंटेच्या डबीत मोजून पाच.

"देवाची करनी!" सोनबानं हात जोडले.

"पितळेत तांबं असतं, सोनबाकाका. तांब्यावर जंतू फार वेळ जगत नाहीत."

मग तिनं तिसरी डबी पुढं केली. जागाच शिल्लक नव्हती. पिवळं, गुलाबी, मळकट हिरवं, एकावर एक चढलेलं, कडेपर्यंत. जणू एकशे बावन्न कार्डांचं गाव त्या पेरभर काचेवर संसार मांडून बसलं होतं आणि दुकानदाराला त्याचा पत्ताच नव्हता. कुंडलिकनं आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली होती. ही पाहून त्याच्या अंगावर काटा आला.

"हे सगळे घातक नसतात," शिवानी म्हणाली. "आपल्या कातडीवर राहतातच. पण यातले काही पोटातले आहेत. कुणीतरी हात न धुता आलंय."

प्रत्येकानं शेजारच्याकडं बघितलं.

"आन् माजी डबी?" साळूबाई म्हणाली.

शिवानीनं चौथी डबी उन्हात धरली. बारीक मोत्यांसारख्या ठिपक्यांचा एक अंगठा उगवला होता. गोल माथा, बसकं पेर, आणि मधून तिरपी गेलेली कोरी रेघ. साळूबाईनं आपला अंगठा शेजारी धरला. विळ्याचा जुना वण, त्याच जागी, त्याच तिरका.

फुलाबाईनं नकळत पदर डोक्यावर घेतला.

"यंत्राला दिसंना," साळूबाई हळूच म्हणाली, "आन् डोळं नसल्याल्यांनी वळखलं मला."

कुंडलिक खाली बसला. जो दोष आठ खेपा बाईच्या माथी मारला, तो आता त्याला त्याच्याच हातातल्या फडक्यात दिसत होता. तेलकट, आंबूस, मेणचटलेलं. "शिवानी," तो म्हणाला, "ह्या फडक्याचा थर काचेवर बसला असंल, तर झिजल्याला आंगठा दिसंल कसा?"

"तात्या, मी तेच सांगणार होते."

तिनं स्पिरिटचा कापूस दिला. कुंडलिकनं काच पुसली. कापूस काळा झाला, दुसरा घेतला, तिसरा. तोवर साळूबाईनं साबणानं हात धुऊन लुगड्याला कोरडे केले. सवयीनं अंगठा तोंडाकडं निघाला, तशी शिवानी ओरडली, "आज्जी, जीभ नको!"

पहिल्यांदा लाल दिवा. दुसऱ्यांदा त्यानं स्वतः तिचं बोट धरून काचेवर सरळ टेकवलं. पेरावर तो वण त्याला लागला. इतकी वर्षं अंगठे बघितले, हात एकाचाही धरला नव्हता.

हिरवा दिवा लागला. यंत्र बाईच्या आवाजात बोललं आणि कागद सरसरत बाहेर आला. साळूबाईचं नाव, स्वच्छ अक्षरात.

"हाय का मला आंगठा?" तिनं विचारलं.

"व्हताच, आक्का," कुंडलिक म्हणाला. त्यानं फडकं दोन बोटांत धरून दारामागच्या चुलीत टाकलं, बादलीशेजारी साबणाची वडी ठेवली आणि रांगेकडं वळला. सोनबा अंगठा जिभेवर ठेवून तयारीत उभा होता.

"सोनबा, काढ त्यो तोंडातनं. आदी धू," कुंडलिक म्हणाला, आणि बादलीकडं पहिला तोच गेला.