दोन मिनिटांत जिल्हा

माय गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या चपला ओलांडत उद्धव आतल्या खोलीत गेला आणि त्याने लॅपटॉप उघडला. सुतक माणसांना असतं, पेपरला नसतं. जिल्हा पानावरच्या बातम्या एआयपुढे टाकायच्या, की ते त्यांचा सारांश काढतं आणि घाईतल्या वाचकांच्या फोनवर ‘दोन मिनिटांत जिल्हा’ ऐकायला जातो. वर्षभर हे काम त्याच्याकडेच होतं.

आजच्या बातम्यांत मायची निधनवार्ता होती. त्यानेच लिहिलेली. ‘वरवट बकाल येथील तानुबाई यांचे निधन. त्यांच्या पश्चात उद्धव व देवेश ही दोन मुले, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ धाकट्याचं नाव लिहिताना हात अडखळला होता. वडिलांच्या तेरवीत शब्दाने शब्द वाढला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते, आणि देवेशने गावाशी, नातलगांशीही संबंध ठेवला नव्हता.

दारात त्याची बायको, सुहासिनी, येऊन उभी राहिली.

“देवेशभाऊंले फोन केला का?”

“पेपरात टाकलं ना.”

“मायनं तुमाले सांगतलं होतं, देवेशले बलावजो म्हणून.”

“लग्नाले आवतन लागते, मौतीले लागत नाही. वाचून येईन तो. लहानपणापासून निधनवार्ताच आधी वाचते.”

सारांश आला. रस्ता, पाणीटंचाई, कापसाचा भाव, आणि शेवटी एक ओळ : ‘संग्रामपूर तालुक्यात तीन ज्येष्ठ नागरिकांचे निधन.’

त्या तिघांत माय होती. हाताने नाव घालायला कितीसा वेळ लागला असता? पण वर्षभर त्याने लोकांच्या आया याच ओळीत बसवल्या होत्या, कधी एक नाव वाढवलं नव्हतं. आता स्वतःच्या मायसाठी कोणत्या तोंडाने वाढवायचं? शिवाय छापील पेपरात सगळं होतंच. त्याने बटण दाबलं.

दहाव्याला त्याने डोक्यावरचे केस उतरवले. तेरवीला पंगतीमागून पंगती उठल्या, तरी शेजारची जागा त्याने कोणाला दिली नाही. देवेश आला नाही. उद्धवच्या अंगाचा तिळपापड झाला. भावावर राग ठेव लेका, मायनं काय केलं होतं तुझं?

पंधराव्या दिवशी टोपी घालून, जाब विचारायचाच म्हणून, तो शेगावला गेला.

देवेश लॉजच्या काउंटरवर चाव्या लावत होता. दारात भावाला पाहिलं आणि हातातल्या चाव्या तशाच टाकून तो बाहेर आला. आधी पाया पडला.

“दादा! बस ना. चहा सांगतो.”

वाटभर घोकलेलं उद्धवला एकदम आठवेना.

“पेपर वाचत नाहीस का बे तू?” एवढंच तो म्हणाला.

“पेपरले टाइम कुठी हाय? दिवसभर गिऱ्हाइकं. फोनवर ऐकतो, दोन मिनिटांत जिल्हा. तुह्याच पेपरचं हाय ना? रोज ऐकतो. दादाचं काम हाय म्हणून ऐकतो.”

उद्धव खुर्चीवर बसला. देवेशने दुसरी खुर्ची ओढली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

“मीच येणार होतो, अखजीच्या सणाले. लय झालं आता हे. मायचे पाय धराचे होते.” तो लहानपणीसारखा हसला. “कशी हाय माय?”

उद्धवने डोक्यावरची टोपी काढली.