दोन तास मागचा गोल

"घड्याळ लाव, दादा," ताई म्हणाली.

मैदानाच्या पायऱ्यांखालच्या त्या बुटक्या खोलीत वर कोणी नाचलं की छताचा चुना कीबोर्डवर पडायचा. सामना सुरू व्हायला वेळ होता. दादा खुर्चीवर पाय लांब करून कॅमेऱ्याची काच पुसत होता. सख्ख्या बहिणीकडे मान वळवण्याचीही तसदी त्याने घेतली नाही.

"परदेश दौऱ्यावरून आल्यापासून तुझ्या कॅमेऱ्यातलं घड्याळ दोन तास मागे आहे. लांबूने लावलं, सगळ्यांनी लावलं. तुझेच फोटो माझ्या स्क्रीनवर तळाला जाऊन पडतात."

"फोटो काय घड्याळाने काढतात गं, चिमे? खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी मला शिकवू नये."

लांबू खुदकन हसला. हा लांबू म्हणजे दुसरा फोटोवाला, ताडमाड उंच, आणि दादाच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला. फोटो-कंपनीच्या साहेबांनी सकाळीच स्वच्छ सांगून टाकलं होतं, की पुढच्या हंगामात गोलामागे एकच माणूस राहील. आज ज्याचा फोटो गाजेल, तो. लांबूला कुठेही काम मिळालं असतं. दादाची पन्नाशी उलटलेली, गुडघा सुजलेला. इथून सुटला की त्याला कोण दारात उभं करणार होतं? ताईला हे त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

तिचं काम बघायला सोपं वाटायचं. मैदानात कॅमेरा वाजला की फोटो तिच्या स्क्रीनवर यायचा. काढल्याच्या वेळेप्रमाणे रांग लागायची, ताजा सगळ्यांत वर. त्यातला एक उचलायचा, कडा छाटायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या आणि वर्तमानपत्रांकडे सोडायचा. जो आधी पोचेल तो छापून यायचा. मागून आलेल्याला कुत्रं विचारत नव्हतं.

आणि हा शहाणा घड्याळ लावत नव्हता!

वडिलांचा कॅमेरा दादाला मिळाला होता, कारण पोरीच्या जातीने उन्हात कशाला उभं राहायचं. पोरीच्या वाट्याला भावाने काढलेले फोटो निवडणं आलं. ज्या एका फोटोवर दादा नावारूपाला आला, तो त्याने स्वतः बाद करून टोपलीत टाकलेला होता. ताईने उचलला होता. हे त्याने आजवर चारचौघांत एकदाही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की "बहीण मला पाण्यात पाहते, माझे फोटो दाबून ठेवते." नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. धादांत खोटं होतं ते.

सामना सुरू झाला. पूर्वार्धात ताई दर दोन मिनिटांनी रांगेच्या तळाशी जाऊन दादाचे फोटो हाताने उपसत होती. मान दुखायला लागली. मनात शिव्या घालत होती, पण उपसत होती. काय करणार, भाऊ पडला ना!

मध्यंतरात वायरलेस खरखरला. सगळ्यांच्या कानात जाणारी लाइन ती.

"साहेब, लांबूचे आठ गेले, माझे तीन. आमच्या बाईसाहेबांना विचारा जरा, माझ्यावर कसला राग काढतायत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, त्याचं घड्याळ..."

"तुमची भाऊबंदकी घरी ठेवा हो," साहेब फोनवरून मान न उचलता म्हणाले.

बरं. राहिलं. आता रांगेच्या तळाशी जाईन तर नाव लावणार नाही, असं ताईने ठरवलं. वर जे येईल ते जाईल. सुंभ जळला तरी त्याचा पीळ जात नसेल, तर जळू दे सुंभ.

आणि अगदी शेवटी गोल झाला. वर अशी काही धडधड उठली की दिवाच हलला. गोलाच्या डाव्या खांबाशी दादा होता, उजव्या खांबाशी लांबू. लांबूचा फोटो आला: गोलरक्षकाची भली मोठी पाठ, बाकी काही नाही.

"दादांचा कुठंय?" साहेब ओरडले.

ताईचा हात आपसूक खाली गेला. सामन्याआधी बुटाच्या नाड्या बांधणारे खेळाडू, रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांच्यामध्ये तो फोटो. चेंडू जाळ्यात घुसलेला, गोलरक्षक हवेत आडवा, आणि गोल मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अजून आनंद यायचाच होता, नुसती भीती होती. अगं आई गं! असा फोटो जन्मात एकदा मिळतो. एक बटण दाबायचं होतं.

तिने वायरलेस उचलला. "दादा, तुझ्या कॅमेऱ्यात किती वाजलेत?"

"फोटो पाठवलाय. शोध."

"किती वाजलेत ते सांग."

सगळे ऐकत होते. एवढं एक वाक्य त्याने बोलावं, सगळ्यांसमोर, बस. तिला दुसरं काही नको होतं.

"साहेब, बघा, ही मला आत्ता वेळ विचारतेय!"

"सांग, दादा."

तिकडे खट्कन आवाज झाला. त्याने वायरलेस बंद केला होता. ताईचं बोट बटणावर होतं आणि ते खाली जात नव्हतं. कितीदा मनात म्हणाली, पाठव गं बये, पाठव. तेवढ्यात साहेबांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या कंपनीचा फोटो सगळीकडे झळकला होता.

"गेलं! आता लांबूची ती पाठच सोडा," ते म्हणाले आणि त्यांनी वायरलेस उचलला. "लांबू, पुढचा हंगाम तुझा. निदान पाठ तरी आणलीस."

दादा लंगडत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. "दाखव," म्हणाला. ताईने दाखवला. तो बघतच राहिला. साहेबही वाकले, आणि त्यांना कोपऱ्यातली वेळ दिसली.

"अहो, तुमचं घड्याळ दोन तास मागे आहे! त्या बिचाऱ्या काय करणार? त्यांना दिसलाच नसणार. उगाच इतके दिवस त्यांच्या नावाने खडे फोडताय."

दादाचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांनी तिच्या बाजूने कोणीतरी बोललं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"दिसला होता," ताई म्हणाली.

"काय?"

"मला दिसला होता, साहेब. मी दाबून ठेवला."

दादाने कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी म्हणत नव्हतो?" तो हळूच म्हणाला. या वेळी त्याला खोटं पाडायला कोणी नव्हतं, तीसुद्धा नाही.