धक्क्याच्या टोकाचा परदेश

सुती दोर भिजला की सैल पडत नाही, आखूड होतो. धागे पाणी पिऊन फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोर ताणला जातो. वाळला की पुन्हा लोंबतो. आमच्या बोटीसमोर, तरंगत्या धक्क्यावर आडवा बांधलेला पिवळा दोर सकाळी दवामुळे माझ्या गुडघ्याइतका उंच असायचा आणि दुपारी मध्यावर फळ्यांना टेकायचा. एरवी कुणी तिकडे लक्ष दिलं नसतं. पण तो दोर म्हणजे देशाची सीमा होती. त्यामुळे रोज दुपारी पहारेकरी बादलीभर समुद्राचं पाणी आणून सीमेवर ओतायचा आणि ती वर येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा.

दोराच्या पलीकडे आमचा देश. अलीकडे शेवटच्या काही फळ्या, आमची बोट आणि आम्ही दोघं. तो परदेश. तात्पुरता.

हे त्रांगडं कसं झालं ते क्रमानं सांगते. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. वर्षानुवर्षं त्याने लोकांना सहा मीटरवरची अक्षरं वाचायला लावली. साथ आली, दुकान बंद पडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतः सहा मीटरपलीकडे कधी बघितलंच नाही. त्याने दुकान विकून शिडाची बोट घेतली. आता हिच्यावरच राहायचं, या बंदरातून त्या बंदरात, कायमचं. "आणि तू बरोबर," तो म्हणाला.

मी शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. मी म्हटलं, "आधी पलीकडच्या बंदरापर्यंत तर जाऊन येऊ. मग सांगते." हे मी पूर्वीही म्हटलं होतं. फक्त 'आधी'नंतरची गोष्ट दर वेळी वेगळी असायची.

पलीकडचं बंदर म्हणजे दुसरा देश, पण वाट एका दिवसाची. पूर्वी लोक तिथे शनिवारी जाऊन रविवारी परत यायचे, कुणी काही विचारत नसे. आता दोन्ही देशांमधला करार संपला होता आणि त्यावर साथीचे नियम चढले होते. तिथल्या अधिकाऱ्याने आमचे तपासणीचे निकाल दुर्बिणीतून पाहिले. आम्हाला संसर्ग नाही हे उत्तम, म्हणाला, पण ही तपासणी जमिनीवर झालेली आहे. समुद्रातून येणाऱ्यांची तपासणी समुद्रात झालेली लागते. समुद्रात तपासणी करणारं कुणी नव्हतं. आम्ही शीड फिरवलं.

आमच्या बंदरात सीमा अधिकारी हातात कर्णा घेऊन उभे होते. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून भोंगेसाहेब म्हणू लागलो.

"कुठून आलात?" ते कर्ण्यातून ओरडले.

"पलीकडून!"

"त्यांनी आत घेतलं होतं?"

"नाही!"

"म्हणजे तुम्ही तिथे गेलाच नाहीत."

"बरं, नाही गेलो!" नवरा म्हणाला.

"मग परत कसे येणार? जो गेलाच नाही, त्याला परत येता येत नाही. आणि इथून बाहेर पडल्याचा शिक्का आहे, म्हणजे तुम्ही इथेही नाही."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं, वरच्या कचेरीत फोन केला आणि शेवटी स्वतःच्या हाताने तो दोर बांधला. आम्ही धक्क्याच्या टोकाला विलगीकरण पूर्ण करायचं. ते पूर्ण झालं की आम्ही परदेशी राहून आलो असं धरलं जाईल, आणि मग परत येता येईल. किंवा पुढे जाता येईल. जो तो आपापलं ठरवेल.

बोटीवरून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. त्या खिडकीत सासूबाई दिसायच्या.

त्या रोज सकाळी डबा आणि घडीचं स्टूल घेऊन दोरापाशी यायच्या.

"कशी आहे तिकडची हवा?"

"आई, तू चार पावलांवर आहेस," नवरा म्हणाला.

"चार पावलं का असेनात, परदेश तो परदेश. मी शेजारणीला सांगितलं, मुलगा-सून बाहेरदेशी असतात. तर म्हणते कशी, अहो, काल तुमच्या सुनेला दात घासताना बघितलं मी. म्हटलं, हो, तिथेच घासते हल्ली."

डबा पहारेकरी वल्ह्याच्या पात्यावर ठेवून दोरावरून सरकवायचा. रिकामा डबा मात्र परत देता येत नव्हता, कारण ती आयात झाली असती. आमच्या छोट्या केबिनमध्ये घरातले सगळे डबे एकात एक रचून ठेवलेले होते आणि लाटेबरोबर खुळखुळायचे.

"आता डबे संपले," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून काय, ओंजळीत आणू?"

नवरा शिडाला ठिगळ लावायला बोटीच्या पलीकडच्या बाजूला गेला. काम करताना तो शीळ वाजवत होता. दुकानात मी त्याला कधी शीळ वाजवताना ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी स्टूल दोराला चिकटवलं.

"तू जाणार आहेस का त्याच्याबरोबर?"

"अजून ठरलं नाही, आई."

"ठरलं नाही म्हणे. तुझ्या कपाळावर लिहिलंय ठळक अक्षरांत. त्यालाच दिसत नाही. जगाला चष्मे लावत बसला."

"किती आनंदात आहे तो, बघताय ना?"

"बघतेय. म्हणूनच म्हणते, लवकर सांग. पार समुद्राच्या मध्यावर जाऊन सांगणार आहेस का?"

यावर मला बोलायचं होतं, पण पहारेकरी बादली घेऊन आला आणि सासूबाईंना पाय वर घ्यावे लागले.

संध्याकाळी जाहीर निवेदन असायचं. कागदावरून संसर्ग पसरतो म्हणून कागद बंद होते, त्यामुळे भोंगेसाहेब सगळं कर्ण्यातून विचारायचे आणि आम्ही ओरडून उत्तरं द्यायची. शहरात नाट्यगृहं बंद, हॉटेलं बंद. हळूहळू लोक खुर्च्या घेऊन धक्क्यावर येऊ लागले, एकमेकांपासून नियमाप्रमाणे अंतर ठेवून.

"ताप?"

"नाही!"

"वास येतो?"

"डिझेलचा येतो!"

लोक हसायचे.

"झाडं, रोपं?"

"पुदिन्याची एक कुंडी!"

"मूळची कुठली?"

"आमच्या गॅलरीतली!"

भोंगेसाहेबांनी कर्णा खाली केला, मग पुन्हा वर धरला. "म्हणजे इथली. मग ती परदेशात काय करतेय?"

झाडांचे नियम साथीच्या आधीचे निघाले. झाडाला परत येण्यासाठी गेल्याचा पुरावा लागत नव्हता. कुंडी वल्ह्यावरून सीमा पार झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. मी सकाळचा चहा घेताना तिच्याकडे बघायची. तिचा मला हेवा वाटत होता, हे कळायला मला दोन कप चहा लागला.

शेवटचा प्रश्न नेहमी एकच असायचा. "पुढचा बेत? प्रत्येकाने स्वतंत्र सांगा."

"जाणार!" नवरा म्हणायचा.

"मॅडम?"

मान्य उत्तरं तीन होती. जाणार, परतणार, विचाराधीन.

"विचाराधीन," मी म्हणायची.

काही दिवसांनी प्रेक्षक माझ्या आधीच एका सुरात ओरडू लागले, "विचाराधीन!" एकदा मला खोकला आला तर त्यांनी माझ्याऐवजीही उत्तर दिलं. भोंगेसाहेबांनी ते ग्राह्य धरलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, आज विलगीकरण संपतंय, संध्याकाळचं उत्तर पक्कं. विचाराधीन आता चालणार नाही.

दुपार उतरल्यावर नवऱ्याने केबिनमध्ये नकाशा पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर डबे ठेवले.

"तुझी ती विचाराधीनची युक्ती भारी होती हं," तो म्हणाला. "दोघंही जाणार म्हणालो असतो तर विलगीकरण कशाला, लगेच निघा म्हणाले असते. आणि वारा तेव्हा काही खरा नव्हता. आज मात्र म्हणून टाक, जाणार. पहाटेच्या भरतीला सुटू."

माझ्या हातात बाटली होती. मी नुकतंच बोटीच्या कडेवरून पाणी काढलं होतं आणि त्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला होता.

"पुन्हा पाणी? अगं, रजेवर आहेस तू."

"ओहोटीलाही खारटपणा उतरत नाहीये. वरून नदीचं पाणी कमी येत असणार. प्रयोगशाळेत कुणी बघतंय की नाही, कोण जाणे."

"पुढच्या बंदरातही पाणी आहे, बाई. रोज नवं. तपास हवं तेवढं."

"ते दुसरं पाणी."

"पाणी म्हणजे पाणी," तो हसला आणि वाकून नकाशावर रेघ ओढू लागला.

ते तसं नव्हतं, पण त्याला कसं सांगावं ते मला सुचेना. या नदीचं मुख मी लग्नाच्या आधीपासून तपासते आहे. ते काल कसं होतं हे माहीत असल्याशिवाय आजच्या आकड्याला काही अर्थ नसतो. नवं पाणी पाहिलं की त्याचा चेहरा उजळतो. मला तेच पाणी उद्या कसं असेल ते बघायचं असतं. यात कुणाची चूक नव्हती, आणि म्हणूनच भांडायलाही काही सापडत नव्हतं. भांडण झालं असतं तर बोलणं सोपं गेलं असतं.

"ऐक ना," मी म्हटलं.

"हं?"

"मला तुला काहीतरी—"

बाहेर कर्णा वाजला. "निवेदनाची वेळ झाली! दोघांनी वर या!"

"चल, शेवटचा प्रयोग," नवरा म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

धक्का भरलेला होता. काहींनी दुर्बिणी आणल्या होत्या. सासूबाईंचं स्टूल अगदी पुढे होतं. ताप, खोकला, वास झाले. भोंगेसाहेबांनी टोपी नीट केली.

"पुढचा बेत. अंतिम."

"जाणार!" नवऱ्याने दोन्ही हात वर केले. टाळ्या पडल्या.

"मॅडम?"

"विचाराधीन!" धक्का गरजला.

"शांतता! ते उत्तर बंद झालंय. मॅडम, बोला."

मी बोलले. मला वाटलं, मोठ्याने बोलले.

"ऐकू आलं नाही. वारा आहे."

"जाणार म्हणतेय ती," नवऱ्याने सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसऱ्याच्या वतीने चालत नाही. मॅडमनीच सांगायचं."

"अहो, नवरा आहे मी तिचा!"

"ते मान्य आहे. तरीही चालत नाही."

सासूबाई उठून मागे वळल्या. "गप्प बसा रे सगळे! दुर्बिणी खाली करा!"

दुर्बिणी खाली आल्या. खांद्यावरचा हात अजून तिथेच होता. मी भोंगेसाहेबांकडे बघायचं सोडून त्याच्याकडे वळले. उन्हामुळे त्याचे डोळे बारीक झाले होते, आणि ते आधीच लांब कुठेतरी बघत होते. मी ते माझ्याकडे वळेपर्यंत थांबले.

"मी येणार नाही," मी म्हटलं. "तू जा. मी इथेच राहणार आहे."