खारीनं उचललेला आजार

खार बिळातून बाहेर आली, झोकांड्या खात चार पावलं चालली आणि थेट बुवांच्या पायाशी येऊन आडवी झाली. मैदानात बसलेली गर्दी माना उंचावून बघायला लागली. तंबूंतून माणसं पळत आली, सहलीला आलेल्या पाहुण्यांनी मोबाइल उंच धरले आणि एका आजीबाईंनी तर डोळे पुसायलाच घेतले.

"रडू नका, आजी," बुवा म्हणाले. "ती मेली नाही, तिनं उचललं. माणूस माणसाचं ओझं उचलत नाही, पण हा मुका जीव तुमचं दुखणं उचलतो आणि निघतो. बोला, आज कुणाचं उचललं?"

दुखणं काय, ज्याच्या त्याच्या घरी असतंच. पाच-सहा हात वर झाले. बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि सगळ्यात उंच हाताकडे बोट केलं. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, कारण तो हात त्यांच्या धाकट्या दिराचा होता.

डोंगरमाथ्यावरचा तंबूंचा तळ हा दीर चालवायचा आणि खाली वळणावरच्या दोन खोल्यांत बाईंचा दवाखाना होता. बाईंचा नवरा गेला तेव्हापासून या भाऊजींनीच त्यांना आधार दिला होता. बुवा मात्र गेल्या हंगामापर्यंत बुवा नव्हते. पाहुण्यांना डोंगरावरच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी दाखवणं हा त्यांचा उद्योग. शालीच्या घडीत शेंगदाणे दडवायचे आणि बिळांपाशी बसायचं, की खारी अंगाखांद्यावर चढायच्या. यंदा खारी पटापट मरायला लागल्या. दुसरा कुणी गाशा गुंडाळून घरी गेला असता. ह्या गृहस्थानं मरणाचंच दुकान थाटलं.

खारीची धुगधुगी थांबली तशी बुवांनी ती पांढऱ्या फलालीनच्या तुकड्यात गुंडाळून भाऊजींच्या मांडीवर ठेवली. "हलायचं नाही. अंग थंड पडलं की दुखणं सुटतं." आणि खरोखरच, थोड्या वेळानं त्या पांढऱ्या कापडावर काळे ठिपके दिसायला लागले. आधी एखाददुसरा, मग चिमूटभर. ठिपके हलत होते. गर्दी पुढे सरकली. बुवांनी सांगितल्याप्रमाणे भाऊजींनी कापड वाऱ्यावर झटकलं आणि खार स्वतःच्या हातांनी मातीत पुरली.

"पिसवा आहेत त्या," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

"पिसवाच आहेत, बाई. मी कुठे नाही म्हणतो?" बुवा हसले. "दुखणं काय नावाची पाटी गळ्यात अडकवून बाहेर पडतं? मिळेल ते रूप घेतं. तुमच्याकडे खोकल्याचं घेतं, इथे पिसवेचं."

लोक हसले. नाही म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. प्रत्येक गोष्टीला हो म्हणून पुढे सटकणाऱ्याशी कसा घालायचा, हे बाईंना वैद्यकाच्या पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी भाऊजींना गाठलं. "भाऊजी, खार माणसाला घाबरेनाशी झाली म्हणजे ती संत झाली नाही, आजारी झाली. डोंगरातल्या खारींना, उंदरांना प्लेग होतो. तो पिसवांतून माणसाला येतो."

"प्लेग? तो तर आजोबांच्या गोष्टींतला."

"गोष्टीतला नाही, अजून आहे. तुम्ही ती गाठोडी मांडीवर घेऊ नका. हात जोडते."

भाऊजी पातेलं पुसत राहिले. त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंच्या जावेला, कंपवात होता. हात इतके थरथरायचे, की साधी बटणं लावायला नवरा लागायचा. "वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. "तुम्ही तिला काय दिलंत? 'पूर्ण बरं होणार नाही' एवढंच दिलंत. बुवा निदान पुन्हा या म्हणतात."

खरं बोलल्याचा बाईंना त्या दिवशी पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला, आणि झाला म्हणून स्वतःचा रागही आला.

मेलेली एक खार त्यांनी नीट बंद करून तपासणीला पाठवली आणि आरोग्य कार्यालयात फोन लावला. पलीकडचे साहेब जांभई देत म्हणाले, "अहवाल येऊ द्या. हंगाम ऐन भरात आहे, उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका." फारच मागे लागल्यावर त्यांनी 'वन्य प्राण्यांना खाऊ घालू नये' अशी एक पाटी पाठवली. तिच्यावर बुवा आपली शाल वाळत घालायला लागले.

शेवटी बाईंनी ठरवलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? पुढच्या सभेला त्या काचेची मोठी बरणी घेऊन गेल्या. झाकण चिकटपट्टीनं बंद, आत फलालीनचा तुकडा आणि त्यावर खार.

"ही आत्ता कचऱ्याच्या पिंपामागे मेली," त्या म्हणाल्या. "बुवा तिथे नव्हते. हिनं कुणाचं दुखणं उचललं नाही, हिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी हातमोजे घालून, चिमट्यानं उचलली. आता बघा."

लोक बघत राहिले. खार थंड पडली आणि पांढऱ्या कापडावर तेच काळे ठिपके चालू लागले.

"अंगात ऊब असते तोवर पिसू तिथे रक्त पिते. अंग गार पडलं की दुसरं उबदार अंग शोधते. गाठोडं ज्याच्या मांडीवर, त्याचं अंग तिला आयतं मिळतं. खार प्लेगनं मेली असेल, तर चावताना तोच प्लेग ती माणसात सोडते. आणि खारी बुवांकडे येतात त्या ह्यांच्या शालीतल्या शेंगदाण्यांच्या सवयीनं. यात चमत्कार कुठे आहे?"

एका बाईनं मांडीवरचं मूल उचलून कडेवर घेतलं. बाईंना वाटलं, जिंकलं.

बुवांनी सावकाश मान हलवली. "इतक्या दुखण्यांना जीव मिळाले, पण बाईंच्या अहंकाराला काही मिळत नव्हता. आज बिचारीनं तोही उचलला. बघा हो, केवढा निघाला!"

मैदान हसून हसून लोळलं. भाऊजी हसले नाहीत, पण गाठोड्यासाठी त्यांचा हात पुन्हा वर गेला. बाई बरणी पोटाशी धरून डोंगर उतरल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

पुढच्याच आठवड्यात जाऊ दवाखान्याच्या दारात उभी राहिली. एवढ्या उन्हात तिनं हातांवरून शाल पांघरली होती. "ताई, ह्यांना सडकून ताप आहे. परवापासून आहे. तुम्हाला सांगायचं नाही म्हणतात."

बाई तोंडाला पट्टी बांधून, औषधं घेऊन धावत वर गेल्या. भाऊजी खाटेवर पडले होते. अंग चटके बसावेत असं तापलेलं, जांघेत सुजलेली गाठ, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

"आलं, वहिनी," ते म्हणाले. "तिचं माझ्यात आलं. बुवा म्हणाले होते, मोठं दुखणं खारीला पेलत नाही, घरच्या माणसाला उचलावं लागतं. ताप आला की समजा उचललं. मी लगेच हो म्हटलं."

"भाऊजी, हा प्लेग आहे. आधी इंजेक्शन घ्या, मग काय ते बोला."

"नको. औषधानं माझ्यातून निघालं तर परत तिच्यात जाईल. तिचे हात थांबलेत, वहिनी. तीच सांगते."

बाईंनी वळून पाहिलं. जाऊ खाली मान घालून उभी होती आणि तिच्या शालीखाली काहीतरी सारखं हलत होतं.

"दाखव त्यांना," त्या म्हणाल्या.

"ताई, किती वर्षांनी असे हसलेत ते."

"दाखव, बाई. पाया पडते तुझ्या."

जावेनं शाल बाजूला केली. हात थरथरत होते, नेहमीसारखे, कदाचित जास्तच. ते तिनं नवऱ्याच्या छातीवर ठेवले. "अहो, काही गेलेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लपवत होते मी."

भाऊजी त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी दंड पुढे केला. सुई टोचली तेव्हा ते रडत होते, आणि ते सुईसाठी नव्हतं.

प्लेगला औषध आहे, आणि वेळेवर दिलं तर माणूस वाचतो. भाऊजींनी ती वेळ आनंदात घालवली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून ते परत आले नाहीत. त्यानंतर अहवाल आला, मैदानाला दोरी बांधली गेली आणि बिळांवर औषध फवारलं गेलं. बाई तंबूतंबूतून गोळ्या घेऊन फिरल्या. गाठोडं धरलेल्यांपैकी काहींनी घेतल्या, काहींनी दार लावून घेतलं. बुवा तपाला निघून गेले, असं त्यांची माणसं सांगत होती.

आणि मग जावेच्या दारात रांग लागली. नवऱ्यानं बायकोचा आजार स्वतःवर घेतला आणि गेला, ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली होती. लोकांना तिच्या पायांना हात लावायचा होता. डॉक्टरीणबाई आत गोळ्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या. बरणी दाखवून झाली, अहवाल दाखवून झाला, घरातला माणूस गमावून झाला. आता आणखी काय दाखवायचं होतं?

जाऊ उठली आणि उंबरठ्यावर गेली. शाल तिनं आतच ठेवली होती.

"पाया पडू नका," ती म्हणाली. "हे हात बघा. तसेच आहेत. माझं काहीएक घेऊन गेले नाहीत ते. त्यांना मेलेल्या खारीची पिसू चावली. ताप आला त्याच दिवशी मी ताईंना सांगितलं असतं, तर आज आत चहा पीत बसले असते. मेलेल्या खारीला हात लावू नका, जिवंत खारीला दाणे घालू नका. गाठोडं धरलं असेल तर आत ताई बसल्यात, गोळ्या घेऊन जा. ताप आला तर लपवू नका. अमक्यानं बरं वाटतं असं कुणी म्हणालं, तर डोळे उघडे ठेवून विचारा, खरंच का?"

रांगेतलं कुणी हललं नाही.

"माझ्या आजाराला पूर्ण बरं करणारं औषध नाही," ती म्हणाली. "त्यांच्या आजाराला होतं."