एकच ओटा

मुलांनो, कल्पना करा बरं. स्वयंपाकघरात फळ्या भरपूर, पण ओटा एकच, तोही वीतभर. चिरायचं असो की मळायचं, सगळं तिथंच. जुन्या काळच्या साध्या चिप अशाच असत. बेरीज करायची, तरी आकडा आधी त्या एकाच जागी आणायचा.

ठमीची आई त्या चिपच्या भाषेत प्रोग्राम लिहायची, वॉशिंग मशीनच्या कारखान्यात. ठमी झाली, सारखी आजारी पडू लागली, आणि आईची नोकरी सुटली ती सुटलीच. मोरीतलं जुनं मशीन मात्र अजून आईच्याच प्रोग्रामवर फिरत होतं.

आता ठमी कॉलेजात होती. तिला कंपायलर करायचा होता, म्हणजे तिनं रचलेल्या छोट्या भाषेचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम. ती दुसरी भाषा कोणती, हे तिनंच ठरवायचं. ठमीनं आईची निवडली. आणि सकाळपासून नऊ वजा चार म्हटलं की उत्तर शून्य येत होतं.

"सगळा वर्ग 'सी' घेतोय," फोनवर प्रोजेक्टमधली जोडीदारीण कावली. "तुलाच पणजोबांची भाषा सुचली! संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर आपणही 'सी' घ्यायची."

आई हात पुसत दारात आली. "ठमे, माझे लाड करायला मार्क घालवू नकोस हं. मला आता त्यातलं ओ की ठो कळायचं नाही."

"लाड कसले? बिघडलं तर वाचणारं माणूस घरात हवं, म्हणून घेतली. बघ तरी!"

आई पलंगाच्या कडेला टेकली, परक्या घरी टेकावं तशी. चष्मा चढवला. ठमीला वाटलं, उगाच भरीला घातलं हिला. मग आईचं बोट पडद्यावर हळूहळू खाली सरकू लागलं.

"आणा नऊ... आणा चार... वजा चार... अगं बाई! नऊ कुठं ठेवलेस?"

"म्हणजे?"

"ओटा एकच ना गं आपला? नऊ फळीवर उचलून न ठेवता त्यावरच चार मांडलेस. नऊ गेले. आता चारातून चारच वजा करतेयस!" आईला हसू आवरेना. "मीही हेच केलं होतं. मशीन धुवायचं सोडून नुसतं पिळतच बसलं. आत साहेबांचा शर्ट!"

आईचा हा आवाज ठमीनं कधी ऐकला नव्हता.

"आधी फळीवर ठेवायचं, हे तुझ्या कंपायलरला शिकव. दोनच ओळी... थांब, दूध!"

आई उठू लागली. ठमीनं तिचा खांदा दाबला, आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तू लिही."

आत जाऊन तिनं गॅस बंद केला. फोन वाजला.

"काय ठरलं मग?"

बाहेर कीबोर्ड अडखळत वाजत होता, मग न अडखळता.

"आपली तीच," ठमी म्हणाली, आणि ओट्यावर आईची अर्धी राहिलेली भाजी चिरायला घेतली.