विश्वासभाऊंची गवाही

भोपाळमधल्या साकेत नगरातल्या त्या छोट्या चर्चमध्ये विश्वासभाऊ साळव्यांची साक्ष म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे हो. आपण कसे वाया गेलो होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं सावरलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. तिथला कारभार सगळा हिंदीत, म्हणून तिला म्हणायचे गवाही. कुणी नवीन माणूस आला, की पास्टर हटकून हाक मारायचे, "विश्वासभाई, ज़रा अपनी गवाही सुनाइए." भाऊ नको नको म्हणत उठायचे. नको नको आपलं नावाला! सकाळपासून घसा साफ करून बसलेले असायचे.

घराणं मूळचं नगरकडचं, पिढीजात ख्रिस्ती. बापाच्या पाठोपाठ भाऊही भोपाळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. चर्चची पायरी कधी चढले नाहीत, दारूच्या दुकानाची मात्र चुकवली नाही. पुढे एकदा मरता मरता वाचले आणि प्रभूकडे वळले. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत, हे मात्र शंभर टक्के खरं. त्यात खोट काढायला जागा नाही.

पण या सुधारलेल्या माणसाशी त्याची एकुलती एक मुलगी बोलत नव्हती. मृणाल लग्न करून पुण्याला गेली ती गेलीच. आई, म्हणजे सुमित्राबाई, वारली तेव्हा आली आणि कब्रस्तानातूनच परस्पर स्टेशनवर गेली. नाताळला एक फोन करायची, तोही हवापाण्याचा. नात शमिका सहा वर्षांची झाली होती आणि भाऊंनी तिला फक्त मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं होतं. त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच मागणं आता उरलं होतं. रोज गुडघे टेकून तेवढंच मागायचे.

यंदा मृणालच्या मैत्रिणीचं लग्न अरेरा कॉलनीत निघालं. तिनं स्वतःहून फोन केला, "रविवारी दुपारची गाडी आहे. सकाळी येऊन जाईन."

भाऊंना हातात स्वर्ग आल्यासारखं झालं. पण घरात समोरासमोर बसून बोलायचं काय? पोरीसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. 'बाळा, माझं चुकलं' हे तीन शब्द आयुष्यात तिला म्हटले नव्हते. सगळ्या मंडळीला सांगून झाले, पोरीला नाही. मग त्यांनी शक्कल काढली. "तू चर्चलाच ये," म्हणाले, आणि तिकडे पास्टरना स्वतःच सांगून ठेवलं, की या रविवारी माझी गवाही ठेवा. एकदा तिनं ऐकली, की विरघळेल. नाताळला या म्हणेल. असा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात मांडला. शहाणाच माणूस!

मृणाल एकटीच आली, मागच्या खुर्चीवर बसली. भाऊ माइकपाशी गेले आणि रंगात आले. दारूचे दिवस सांगितले, आणि मग त्यांचा हातखंडा किस्सा. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग, तिचं बक्षिसासाठी नाव पुकारलं, आणि हे झोकांड्या खात तिच्या आधी स्टेजवर! बक्षीस यांनी घेतलं, पाहुण्यांना सलाम ठोकला आणि माइकवर गाणं सुरू केलं. भाऊंनी तो सलाम करून दाखवला. नेहमीप्रमाणे मंडळी खदखदून हसली. पुढच्या रांगेतल्या मंजूषाबाईंनी तर डोळे पुसले.

मृणाल हसली नाही, पण उठलीही नाही. भाऊंना धीर आला. ते हळव्या भागाकडे वळले. म्हणाले, त्या दिवशी पुढं काय झालं ते मला आठवत नाही, पण माझी सुमित्रा देवमाणूस होती. त्याच आठवड्यात ती बाथरूममध्ये घसरून पडली, मनगट मोडलं, तरी तशा हातानं मला पोळ्या करून वाढायची. अशी पत्नी प्रभूनं मला दिली.

"हालेलूया!" मंडळी म्हणाली.

मृणाल उठली आणि दाराबाहेर गेली.

भाऊ गवाही अर्धवट टाकून तिच्यामागे धावले. फाटकापाशी ती रिक्षा शोधत उभी होती.

"काय झालं बाळा? काही चुकलं का माझं?"

"आई घसरली नव्हती," ती म्हणाली. "गॅदरिंगहून आलो, मी रडत होते, म्हणून तुम्ही मला मारायला उठलात. आई मध्ये पडली. तुम्ही तिचा हात दारात घालून दार लावलंत. दोनदा."



"मला... देवाशपथ, मला आठवत नाही गं."

"माहितीये. म्हणूनच आईनं सगळ्यांना बाथरूमचं सांगितलं. मला म्हणाली, पप्पांना कळलं तर खचून जातील. आणि पोळ्या मी करत होते, पप्पा. इयत्ता पाचवीत."

"सुमित्रा एका शब्दानं बोलली नाही..." भाऊ रडायला लागले. "मी रोज प्रभूसमोर रडतो गं. त्यानं मला माफ केलंय."

"काय माफ केलं? जे तुम्ही त्याला सांगितलंच नाहीत ते?" मृणालचा आवाज चढला. "आणि त्याला तर सगळं माहीत असतं ना! मग इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नाही तो तुम्हाला, की तिचा हात तू मोडलास?"

 

रिक्षा थांबली. हबीबगंज स्टेशन, असं सांगून ती बसली. भाऊंनी रिक्षाची दांडी धरली. "शमिकाला एकदा बघू दे. मग नको बोलूस माझ्याशी."

"तिला सांगितलंय, आजोबा देवाघरी गेले," मृणाल म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "खरं सांगू? आज आले होते ती याचसाठी, की घरी जाऊन तिला सांगावं, मी खोटं बोलले होते. नाही जमणार मला. त्या खोलीत लोक हसत होते, पप्पा. सोडा दांडी."

त्यांनी सोडली.

संध्याकाळी पास्टरांचा फोन आला. मोठ्या खुशीत होते. त्यांना काय ठाऊक! "विश्वासभाई, सब लोग पूछ रहे थे. बिटिया इतने साल बाद आई, चर्च में बैठी! प्रभु की महिमा है. क्रिसमस की महासभा में आप ही की गवाही रख रहे हैं. बेटी लौट आई, यह भी जोड़ दीजिएगा."

नाही म्हणायला भाऊंनी तोंड उघडलं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांना हाक मारणारं जगात उरलं होतं कोण?

"जी, पास्टर साहब," ते म्हणाले.

फोन ठेवून ते गुडघ्यांवर बसले. माफी मागायची कुणाकडे, तेच कळेना. जिचा हात मोडला ती मातीत होती, आणि जी रडली म्हणून मोडला ती गाडीत बसून गेली होती. प्रभू होता, पण त्याच्यापुढे डोळे मिटायची आज पहिल्यांदाच भीती वाटली.