आकडा अडतीस

सोमवारी सकाळी साडेदहाला सुताराला फोन करायचा, हे गेले तीन महिने ताईचं ठरलेलं काम होतं. ऑफिसात ती लहानथोर सगळ्यांचीच ताई. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि यादीत अशी माणसं, ज्यांना मधुमेहाने धरलं होतं आणि मनानेही खाली पाडलं होतं. बोलावूनही ही माणसं दवाखान्यात येत नसत, म्हणून फोनच त्यांच्या घरी जायचा. फॉर्म ठरलेला. आधी शुगरचा आकडा, मग औषध, मग पायाची जखम आणि सगळ्यात शेवटी मनाचे नऊ प्रश्न. नववा मरणाचा. आकडा एकशेतीसच्या खाली असला की स्क्रीनवरचा चौकोन हिरवा व्हायचा. खाली म्हणजे किती खाली, हे फॉर्म बनवणाऱ्या शहाण्याला सुचलं नव्हतं. ताईला तरी सुचायला हवं होतं, वीस वर्षं ती नर्स होती.

सुताराच्या पायाचा अंगठा शुगरपायी कापावा लागला होता. उभं राहता येईना, म्हणून कारखाना बंद पडला, आणि आठ महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. बायकोशी धड बोलायचा नाही. सोमवारी मात्र नऊलाच अंघोळ करून, केस विंचरून फोनजवळ बसायचा. बायकोनेच एकदा हसत हसत सांगितलं होतं. ताईला ते ऐकून बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं होतं. आकडा एकशेअठरा आला, ती म्हणाली, "वा काका!" शहाण्णव आला, म्हणाली, "शाब्बास!" मागच्या सोमवारी चौऱ्याहत्तर आला तेव्हा तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, म्हणजे मास्तरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "कमाल केलीत काका, असंच चालू द्या!" मग नऊ प्रश्न उरकले. "सगळ्यांना नाही लिहा, ताई," सुतार म्हणाला आणि तिने लिहिलं.

या सोमवारी फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण बोललं कुणी नाही. आधी धाप ऐकू आली, मग लाकडावर लोखंड आदळल्याचा आवाज.

"ताई, हातोडा घेऊन मागे लागलेत हो!" सुताराची बायको होती. "मी बाथरूममध्ये आहे. कडी लावलीय. दार फोडतायत!"

पुन्हा घाव पडला. बाहेरून सुतार शिव्या देत होता, पण त्याच्या जिभेला वळण राहिलं नव्हतं. दारू प्यायल्यासारखे शब्द एकमेकांत अडकत होते.

"काकू, ते प्यायलेत का?"

"जन्मात थेंब घेतला नाही त्यांनी! सकाळपासून घामाने निथळतायत. मी नाश्त्याचं विचारलं तर ताट भिंतीवर मारलं. दुसरं माझ्यावर. कपाळ फुटलंय माझं, ताई, डोळ्यांत रक्त येतंय."

"आज शुगर तपासली होती?"

"अडतीस. मी म्हटलं मशीन बिघडलंय. तर म्हणाले, बिघडलेलं नाही, आज ताई खूश होईल. कालपासून अन्नाचा कण नाही पोटात. इन्सुलिनचं इंजेक्शन मात्र घेतलं, दोनदा."

ताईला सगळं एका क्षणात कळलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याला शाब्बास म्हणत होतं. ते शाब्बास मिळवायला हा माणूस स्वतःची शुगर मारत सुटला होता, आणि आता ती मेंदूपर्यंत संपली होती. बाहेर हातोडा चालवत होता तो सुतार नव्हताच. पण हातोडा खरा होता.

तिने कागदावर पत्ता लिहून मास्तरांपुढे सरकवला. मास्तर एरवी पेन शोधायला दहा मिनिटं लावणारे, पण त्यांनी उभ्या उभ्याच दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. दोन्ही हातांची बोटं पसरून त्यांनी ती दोनदा दाखवली. वीस मिनिटं.

वीस मिनिटांत दार टिकणार नव्हतं. आणि दार टिकलं, तरी सुतार टिकणार नव्हता. आधी तो कोसळेल, मग झटके येतील, मग काहीच येणार नाही. साखर स्वयंपाकघरात होती. तिथे जायचं तर त्या बाईला कडी काढावी लागणार होती. अशा वेळी बाईला आतच राहायला सांगावं, असं नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. ताईने तेच सांगितलं.

"दार उघडू नका, काकू. गाडी येतेय."

"आणि यांचं काय होईल?"

"गाडी येतेय," ताई पुन्हा म्हणाली. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला त्या टाळाटाळीचा अर्थ समजायला वेळ लागला नाही.

"मरतील ना? सरळ सांगा!"

"मरू शकतात."

फळी चिरल्याचा आवाज आला. बाई किंचाळली. ताईच्या तोंडून निघालं, "फोन स्पीकरवर टाका! दाराच्या फटीजवळ धरा!" आणि ती खुर्चीतून उठून अख्ख्या ऑफिससमोर ओरडली, "काका! सोमवार आहे! साडेदहा झाले! आकडा सांगा!"

हातोडा थांबला.

"अडतीस," पलीकडून आवाज आला, जड, लहान मुलासारखा. "हिरवं आलं का, ताई?"

ताईच्या स्क्रीनवर आकडा भरायच्या आधीच चौकोन हिरवा दिसायला लागला, असं तिला वाटलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती.

"आलं. शाब्बास, काका. आता हातोडा खाली ठेवा आणि जमिनीवर बसा. काकू साखरेचं पाणी देतील, ते सगळं प्यायचं. त्याशिवाय मी आकडा लिहिणार नाही."

धप्प असा आवाज आला. कडी निघाली. पावलं पळाली, डबा पडला, चमचा ग्लासात खणखणला. मग बाईचं "प्या, प्या हो," आणि लगेच झटापट. सुताराचा हात रंधा मारून मारून लोखंड झालेला. त्या हाताने त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. ताईला दोन्ही आवाज नीट ऐकू आले.

"काकू, सोडा त्यांना! पळा!"

"नाही सोडत!" तोंडात रक्त भरलेल्या बाईचा आवाज होता तो. "छातीवर बसलेय मी. चावतायत, पण गिळतायत. ताई, गिळतायत!"

बाई नऊ मिनिटं तशीच बसून होती. ताई मोजत होती, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. दहाव्या मिनिटाला सुतार स्वच्छ आवाजात म्हणाला, "अगं, कुणी मारलं तुला?"

"पडले बाथरूममध्ये," बायको म्हणाली.

गाडी आली. बाईचं नाक मोडलं होतं, पुढचे दोन दात गेले होते. सुताराला घडलेलं काहीच आठवत नव्हतं. दोघांना तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. ताईने साहेबांना फॉर्मबद्दल चार पानी पत्र लिहिलं. माझं नाव या यादीवरून काढा, असं त्यात खाली लिहिलं होतं, पण ती ओळ तिने खोडली. पळून जायचंच होतं, तर सोमवारीच फोन ठेवून जायला हवं होतं, असं तिचं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिने फोन केला. सुतारानेच उचलला.

"ताई, एक विचारतो. खोटं बोलू नका."

"विचारा, काका."

"ही म्हणते, पडले. तुम्ही फोनवर होता. मी मारलं का तिला?"

ती म्हणते तर तसंच असेल, एवढं म्हटलं की निभलं असतं. खचलेल्या माणसाच्या डोक्यावर असलं ओझं ठेवू नये, असं पुस्तकात होतं आणि मास्तरही कालपासून तेच बजावत होते.

"कारण मी दार बघितलंय," सुतार सांगू लागला. "तेहतीस घाव आहेत. सगळे डाव्या हाताने मारलेले, वरून तिरके. या घरात डावखुरा मीच. सुताराला हातोडा वाचता येत नाही होय?"

"तुम्हीच मारलंत, काका," ताई म्हणाली. "शुगर इतकी उतरली होती की तुम्ही भानावर नव्हता. आणि ती उतरवलीत माझ्यामुळे. तुम्ही जेवलात का, हे मी कधी विचारलंच नाही. आकडा खाली गेला की टाळ्या वाजवत बसले. चौऱ्याहत्तरलाच मी घाबरायला हवं होतं."



"म्हणजे आपण दोघांनी मिळून मारलं तिला," सुतार म्हणाला.

"हो."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिने सोडून दिलं होतं. फॉर्म उघडा होता. सगळं वगळून ती थेट तळाशी गेली.

"काका, मरावंसं वाटतं का?"

"तीन महिने तुम्ही विचारता आणि तीन महिने मी नाही सांगतो. रोज वाटतं. दवाखान्यातून आल्यावर जास्तच. इंजेक्शनचा डबा मी तिच्या हातात दिलाय, कुलूप लावायला सांगितलंय." मग तो म्हणाला, "पण मरायच्या आधी बाथरूमला दार करायचंय. जाड फळीचं, आतून दोन कड्या. माझ्या हाताने फुटणार नाही असं."

"किती दिवस लागतील?"

"उभं राहवत नाही. बसून करीन. महिना तरी."

"मग महिनाभर मी रोज फोन करणार. आकडा शेवटी विचारणार. आणि मनाच्या डॉक्टरांना आजच तुमच्याकडे पाठवते, नाही म्हणायचं नाही."

"पाठवा," सुतार म्हणाला. "हातोडा मात्र तिने लपवून ठेवलाय. दार करायचं तर तो लागेल. तेवढं तिला सांगता का, ताई? मला मागायचं धाडस होत नाही."